राळे कुणाचे?

मंदाकिनी: …आणि वर हसला मेला. बालीगंजच्या बाजारातले सगळे वाणी पालथे घातले, राळे म्हणून कुणाला ठाऊक नाहीत. शेवटी आईने पुरचुंडीत पाठवले होते त्यातले चार दाणे एकाच्या हातावर ठेवले, तर म्हणतो कसा, हे तर पाखरांचं खाणं, रविवारी हातीबागानला जा. आमच्या बार्शीला भोगीच्या दिवशी राळ्याचा भात झाल्याशिवाय पानं मांडत नाहीत, आणि हा म्हणतो पाखरांचं.

दिगंबर: म्हणून तर सुट्टीच्या दिवशी ट्रामचे धक्के खात आलो ना इतक्या लांब. पाखरांचा बाजार आहे, राळेही मिळतील आणि आपल्या वृंदाला एखादं पाखरूही.

मंदाकिनी: पाखराचं नाव काढू नका. आपण राळे घ्यायला आलो आहोत.

दिगंबर: तुम्हा बार्शीकरांना राळ्यांचं एवढं काय, देव जाणे. आमच्या चिपळुणात कुणी राळे डोळ्यांनी पाहिले नाहीत, तरी संक्रांत दरवर्षी येते.

मंदाकिनी: न खाई भोगी, तो सदा रोगी. उगीच नाही तुमच्या घरात माणशी एक दमा. वृंदा, विचार गं त्या माणसाला, हे पोत्यातले चांगले निवडलेले आहेत का. तुझं बंगाली माझ्यापेक्षा बरं.

वृंदा: ते दादा म्हणतात, एकदम ताजे आहेत. आणि ते विचारतात, कोणत्या पाखीसाठी पाहिजे?

मंदाकिनी: पाखी नाही, पाखरू म्हण. सांग त्याला, पाखरू नाही, माणसं आहेत. भोगीला श्यामराव आणि सुहासिनीवहिनी जेवायला येणार आहेत.

वृंदा: मी नाही सांगत.

मंदाकिनी: का?

वृंदा: मला लाज वाटते. सगळे हसतील.

दिगंबर: राहू दे गं. त्याला काय करायचंय कोण खातं ते. दोन शेर बाजूला काढून ठेव म्हणावं. वृंदा, इकडे ये. तो बघ, केवढा पोपट. चंदना म्हणतात याला इकडे. गळ्यात लाल कंठ बघ कसा. तुझ्याकडे श्लोक शिकेल, पाढे शिकेल.

वृंदा: छान आहे, बाबा.

दिगंबर: मग घ्यायचा?

वृंदा: नको.

दिगंबर: बरं, त्या मुनिया? एका पिंजऱ्यात अख्खं कुटुंब आहे. लाल लाल, ठिपक्यांच्या.

वृंदा: त्या पण छान आहेत. नको.

मंदाकिनी: ऐकलंत? दिवाळीला फ्रॉक दाखवला, छान आहे, नको. वाढदिवसाला काय करू विचारलं, काहीपण कर. शाळेत मैत्रीण कोण, तर म्हणे सगळ्याच. सगळ्याच म्हणजे एकही नाही, एवढं मला कळतं. वृंदा, जा, तिकडचे पिंजरे बघून ये. माझ्या नजरेआड जाऊ नको हं.

दिगंबर: ती नको म्हणते म्हणून आपण घ्यायचंच नाही का? वायझॅग सोडल्यापासून अशी झाली आहे ती.

मंदाकिनी: झाली नाही, आपण केली. खंड्या आपल्या गाडीमागे पार स्टेशनपर्यंत पळत आला होता, विसरलात? आणि तुम्ही तिला काय सांगितलंत? पुढच्या महिन्यात मागवून घेऊ. कुत्रं म्हणजे काय आंब्याची पेटी आहे, मागवून घ्यायला? सहा वर्षांची पोर. रोज पोस्टमनच्या वाटेत उभी राहायची आणि विचारायची, आमचा खंड्या आला का.

दिगंबर: मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, मंदा.

मंदाकिनी: मला ठाऊक आहे. पण एक दिवस तिने विचारायचं थांबवलं बघा. ती विचारायची तेव्हा नुसतं वाईट वाटायचं, ती थांबली तेव्हा पोटात तुटलं माझ्या.

दिगंबर: म्हणूनच पाखरू म्हणतो मी. पिंजरा उचलला की निघालं आपल्याबरोबर. कुणाच्या दारात बांधून जायला नको.

मंदाकिनी: आपल्यासारखंच म्हणा की. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आता पुन्हा कधी हलायचंय?

दिगंबर: कस्टममध्ये कोण छातीठोक सांगेल? खिदिरपूरच्या गोदीत सगळे कोचीन कोचीन करताहेत. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या.

मंदाकिनी: मग नकोच काही. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकूनच प्यायचं.

दिगंबर: एक बोलू का? रागावू नकोस. तीन वर्षं झाली या घराला, तू भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाहीस. आरसा खिडकीच्या गजाला, देवांची तसबीर ट्रंकेवर, कॅलेंडर दाराच्या कडीला. मी दाढी करायला लागलो की रस्त्यावरचे लोक माझ्याकडे बघतात. पोर शिकणार ते कुणाकडून?

मंदाकिनी: आता माझ्यावर घसरा. वायझॅगला निघताना खिळे कुणी उपटले? मीच. कुलूप लावताना वळून पाहिलं, तर भिंतींची नुसती चाळण झालेली. ज्या घरात पोरीला पहिलं अक्षर गिरवायला बसवलं, ते घर तसं दिसलं मला. तेव्हाच ठरवलं, आता खिळा नाही. ठोकायचा नाही आणि उपटायचा नाही.

दिगंबर: बरं बाई, राहिलं. वृंदा कुठे दिसत नाही ती?

मंदाकिनी: ती काय, त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी. मघापासून तिथून हललेली नाही.

वृंदा: बाबा, हा कोण? याच्या डोक्यावर शेंडी आहे. आणि गालाला कुणीतरी शेंदूर लावलाय.

दिगंबर: अरे वा, हे साहेब इथे कुठे? कॉकटील म्हणतात याला. आमच्या गोदीत पाहिलेत मी. ऑस्ट्रेलियाचा गहू घेऊन बोटी येतात ना, त्यांच्यावरचे खलाशी आणतात. पोपटाचाच भाऊबंद, चोच बघ. शेंडी नाही गं ती, तुरा.

मंदाकिनी: नाव कसलं मेलं, जिभेला गाठ पडेल. आणि रंग हा असा राखेसारखा? पोपट कसा, हिरवागार हवा.

वृंदा: तोंड पिवळं आहे, आई. बघ, मी शीळ घातली की तुरा वर करतो. थांबले की खाली. परत घातली की परत वर.

मंदाकिनी: तुला शीळ कधीपासून येते?

वृंदा: येते मला. घरी नाही घालत.

दिगंबर: घाल की. आवडला हा?

वृंदा: छान आहे. बाबा, हा रेल्वेत बसतो का?

दिगंबर: रेल्वेत?

वृंदा: लांबच्या गाडीत. म्हणजे मद्रासकडे वगैरे जाते तशी. याला तिकीट लागतं? का सामानाच्या डब्यात टाकतात?

दिगंबर: सामानाच्या डब्यात कशाला? मांडीवर पिंजरा घ्यायचा आणि बसायचं खिडकीशी.

वृंदा: मी विचारलं त्या दादांना. ते म्हणतात, हा तर जहाजातून आला, समुद्र पार करून. त्याला वादळ पण लागलं वाटेत. रेल्वे म्हणजे त्याला काहीच नाही, ते म्हणतात.

मंदाकिनी: तू आपणहून विचारलंस?

वृंदा: नुसतं विचारलं. माझ्या वर्गात ती शेफाली आहे ना, ती बारिसालची, पाकिस्तानातून आलेली. त्यांचं घर तिकडे राहिलं. भांडी, पलंग, सगळं राहिलं. पण तिचे आजोबा मैनेचा पिंजरा घेऊन आले, डोक्यावर ठेवून. ती मैना अजून आहे त्यांच्याकडे. म्हणून विचारलं.

मंदाकिनी: मला कधी बोलली नाहीस शेफालीचं.

वृंदा: तू विचारलंस, मैत्रीण कोण. ती मैत्रीण नाही. माझ्या बाकावर बसते फक्त.

मंदाकिनी: बरं. मग हा हवा का तुला?

वृंदा: छान आहे. नको.

मंदाकिनी: अहो, घ्या तो.

दिगंबर: कोण, मी? अगं, आत्ता तर ताक फुंकत होतीस.

मंदाकिनी: फुंकत होते. पण जी पोर तीन वर्षांत एक रिबीन मागत नाही, ती रेल्वेच्या तिकिटाची चौकशी करते. एवढं मला दिसत नाही का? घ्या म्हणते ना. आणि पिंजरा मोठा घ्या, तो काय खुराडा आहे.

वृंदा: खरंच घेणार?

मंदाकिनी: हो. आणि जिथे आपण, तिथे तो. हे मी सांगते आहे, बाबा नव्हे.

वृंदा: पण मी नाव नाही ठेवणार.

मंदाकिनी: का गं?

वृंदा: नाव ठेवलं की हाक मारावी लागते.

मंदाकिनी: नको ठेवू मग. कुणी जबरदस्ती केली नाही.

दिगंबर: हे घ्या, पिंजरा आला, पाखरू आलं. वृंदा, त्यांना राळे बांधायला सांग. पाखराला काय घालायचं ते विचारायची गरज नाही, ते माझ्याकडे लागलं. आमच्या चिपळूणच्या घरी राघू होता, आजोबांच्याही आधीपासूनचा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि सणावाराला पेरू. पोपटाची जात सगळीकडे एकच.

वृंदा: आई, ते दादा म्हणतात, हे राळे महिनाभर सहज पुरतील.

मंदाकिनी: महिनाभर? आम्ही काय चिमण्या आहोत? एका पंगतीत उडतील म्हणावं.

वृंदा: आणि ते म्हणतात, रोज चांगले पाखडून द्या.

मंदाकिनी: आता हा मला पाखडायला शिकवणार.

वृंदा: आणि याच्यावर दुसरं काही लागत नाही.

मंदाकिनी: लागत नाही कसं? वर तूप लागतं चांगलं पळीभर. चला, ट्राम गाठायची आहे. वृंदा, पिंजरा बाबांना दे, जड आहे.

वृंदा: असू दे. मी घेते.

(मंगळवार, भोगीची सकाळ. बालीगंजचं बिऱ्हाड, स्वयंपाकघर.)

दिगंबर: काही नाही. डाळ कालची होती तशी आहे, फुगून वाटीबाहेर आली. मिरचीला नुसती चोच लावून टाकून दिली.

मंदाकिनी: पेरू?

दिगंबर: पेरूला घाबरतो. फोड आत सरकवली की मागे मागे जातो.

मंदाकिनी: जरा हळू बोला. ती दाराशीच बसली आहे, दूधही घेतलेलं नाही. तो एक उपाशी आणि ती एक. तुमच्या राघूचं सांगू नका आता मला. पोपटाची जात एकच म्हणे.

दिगंबर: मग तूच सांग, कुणाला विचारू? तो माणूस बारासातहून येतो फक्त रविवारी. आपल्या ऑफिसात विचारलं, तर मुकुंद म्हणाला, त्याला दूधभात घाल. तोही घातला.

मंदाकिनी: आणि तो शेजारच्या मांजराने खाल्ला. ट्रंकेवर पिंजरा ठेवल्यावर दुसरं काय होणार? काल संध्याकाळी बघते तर मांजर पिंजऱ्याला पाठ घासत बसलेलं.

दिगंबर: टांगायला जागा कुठे आहे या घरात?

मंदाकिनी: असू दे. या, तुम्ही खोबरं किसा. पाहुणे दुपारी येणार, आणि माझे राळे अजून कांडून व्हायचेत. सालासकट दिलेत मेल्याने. खलबत्त्यात घालून घालून तळहाताला फोड आला. वृंदा, इकडे ये बाळ. माझ्याजवळ बैस.

वृंदा: आई, हा मरणार का?

मंदाकिनी: असं बोलू नये सणाच्या दिवशी.

वृंदा: पण मरणार का?

मंदाकिनी: मला माहीत नाही गं.

वृंदा: तुरा वर नाही करत आता. मी शीळ घातली, सकाळपासून किती वेळा घातली. डोळे मिटून घेतो. त्याला परत देऊन टाकूया. रविवारी. तोवर राहिला तर.

दिगंबर: बेटा, मी आज डॉक्टरकडे—

वृंदा: मी म्हटलं होतं ना, नको. मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबा. छान आहे, नको, म्हटलं होतं.

मंदाकिनी: हो. म्हटलं होतंस. त्यांना नको बोलू, घ्या मी म्हटलं. ये, रड माझ्यापाशी. नीट रड. इतक्या दिवसांत रडलीही नाहीस तू. हे बघ, पिंजरा इथे माझ्या पाटाशी आण. एकटा नको त्याला. इथे माझ्या नजरेसमोर राहू दे, मी हे सूप पाखडते तोवर.

वृंदा: धूळ उडेल त्याच्या अंगावर.

मंदाकिनी: थोडी उडाली तर उडू दे. घरात सण आहे तर त्यालाही कळू दे.

दिगंबर: मंदा.

मंदाकिनी: खोबरं किसा तुम्ही.

दिगंबर: अगं, हात थांबवू नकोस. पाखडत राहा. तिकडे बघ.

वृंदा: आई, तुरा.

मंदाकिनी: कुणी हलू नका.

वृंदा: दाणा उडाला आत. त्याने घेतला. आई, त्याने खाल्ला, साल बाहेर टाकलं. परत शोधतो आहे खाली.

मंदाकिनी: घाल, मूठभर घाल. न कांडलेले घाल, त्या डब्यातले. अगं बाई, कसा तुटून पडलाय. मला इथे घाम फुटला, आणि हा चोचीच्या टोकाने साल काढून मोकळा.

दिगंबर: म्हणजे तो माणूस, महिनाभर पुरतील म्हणाला…

मंदाकिनी: ते ह्याला पुरतील म्हणत होता. पाखडून द्या, दुसरं काही लागत नाही, हेही ह्याचंच. आणि मी त्याला वर तूप सांगितलं.

वृंदा: माणसांसाठी हवेत, ते मी नव्हतं सांगितलं त्यांना. मला लाज वाटली.

दिगंबर: शाबास आमची. माणसाचं खाणं पाखराला आणि पाखराचं खाणं पंगतीला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पिशवी उशाशी ठेवून उपाशी मारत होतो की बिचाऱ्याला.

मंदाकिनी: आम्ही नाही, तुमचा चिपळूणचा राघू मारत होता. पण तो वाणी खरंच बोलला हो. मी आपली वाटभर त्याच्या नावाने बोटं मोडत आले.

दिगंबर: हसतेस काय अशी? डोळ्यांतून पाणी येतंय.

मंदाकिनी: येऊ दे. वृंदा, पाणी ठेव त्याच्या वाटीत.

वृंदा: ठेवलं. आई, तू सगळे राळे शिजवणार?

मंदाकिनी: का?

वृंदा: रविवारपर्यंत याला काय? थोडे ठेव ना. ते डब्यातले ठेव. मला भात थोडाच वाढ, चालेल मला.

मंदाकिनी: डबा पूर्ण त्याचा. जे कांडले तेवढेच आपले. सुहासिनीवहिनींना सांगू, भात एक-एक मूठच मिळेल, यंदा आमच्याकडे एक पान वाढलंय.

वृंदा: माझ्या हातावरून खाईल?

दिगंबर: आधी दार थोडं उघड पिंजऱ्याचं. हात स्थिर धर. घाबरू नकोस, आणि त्यालाही घाबरवू नकोस.

वृंदा: गुदगुल्या होतात. हळू. हळू खा, राळू. कुणी नाही घेत तुझं.

दिगंबर: मंदा, ऐकलंस का, तिने त्याला—

मंदाकिनी: ऐकलं. काही बोलू नका तुम्ही. उठा, आणि हातोडी शोधा.

दिगंबर: हातोडी?

मंदाकिनी: त्या खालच्या ट्रंकेत आहे, वायझॅगच्या चादरींच्या मधोमध. हूकही आहे तिथेच, पुरचुंडीत. खिडकीच्या वर ठोका, सकाळचं ऊन येतं तिथे. मांजराची उडी पोचणार नाही इतकं उंच.

दिगंबर: भिंतीला भोक पडेल हं. जाताना मला बोलशील.

मंदाकिनी: पडू दे. नंतर येईल त्याला कळेल, इथे कुणाचं तरी पाखरू होतं.

वृंदा: आई, तो अजून खातो आहे.

मंदाकिनी: खाऊ दे गं, पोटभर. आणि अहो, हातोडी लगेच आत टाकू नका. आरसा राहिलाय, आणि देवांची तसबीर.